पोटॅशियम ऑक्साइडची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना पोटॅशियम ऑक्साइड आहे असं तोऱ्यात सांगणार होतो. पण आमच्या घराण्यात जुनं व्हायला मिळतंच कुठे? हवा लागली की आम्ही संपलो. तरी बाभुळगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात, मी चांगला म्हातारा झालो. ही सगळी पद्मजा मॅडमची कृपा.

दोन पोटॅशियम आणि एक ऑक्सिजन, एवढंच माझं कुटुंब. नुसतं पोटॅशियम हवेत जाळलं तर ते अधाशासारखं जास्त ऑक्सिजन घेतं आणि माझ्याऐवजी माझा भलताच चुलतभाऊ जन्माला येतो. म्हणून कारखान्यात पोटॅशियम आणि पोटॅशियम नायट्रेट एकत्र तापवून मला काढलं. रंग फिकट पिवळा, स्वभाव तापट. पाणी पडलं की मी चर्र करून खवळतो, आणि निवतो तेव्हा मी मी नसतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड झालेलो असतो. तोही काही गरीब नाही, कातडी भाजून काढतो.

आणि माझी ऐट काय विचारता! कुठल्याही कृषी केंद्रात जा, पोटॅशच्या पोत्यावर माझ्या नावाने टक्केवारी छापलेली असते. आत मात्र पोटॅशियम क्लोराइड. खतातलं पोटॅशियम माझ्या मापाने मोजायची जुनी रीत आहे, म्हणून हा मान. लग्नपत्रिकेत नाव मोठं, मांडवात पत्ता नाही.

पद्मजा मॅडम नोकरीला नव्याने लागल्या तेव्हा त्यांनी मला हौसेने मागवलं. माझ्या बाटलीच्या बुचावर मेण ओतलं आणि तळाशी ओल शोषणारे खडे घातलेल्या जाड काचेच्या बरणीत ती बसवली. दरवर्षी मुलांना सांगायच्या, "हा फार दुर्मीळ गडी आहे. चांगली बॅच आली की उघडू." बॅच यायची आणि जायची, मॅडमना एकही चांगली वाटेना. मुलं काचेतून मला बघून जांभया द्यायची. मला एकदाच, फक्त एकदाच, त्यांच्यासमोर खवळायचं होतं हो. त्यासाठीच तर मी जन्मलो होतो.

यंदा मॅडम निवृत्त होणार. दसऱ्याच्या सुट्टीआधी प्रयोगशाळेची पूजा निघाली. इथले परिचर राजकुमार, बोरी अरबजवळच्या तांड्यावरचे, पूजेच्या बाबतीत भारी कडक. वजनकाट्याला कुंकू, बर्नरला झेंडूचा हार, आणि त्याआधी प्रत्येक वस्तूला नळाखाली आंघोळ. बाटल्या धुता धुता ते माझ्या बरणीपाशी आले. झाकण सरकवून त्यांनी ओल्या हाताने मला बाटलीसकट बाहेर काढलं आणि फडक्याने असं घासलं, की जुनं मेण खपल्या होऊन पडलं आणि बूच हललं. पुढे नळ सुरूच होता. माझी तर बोबडीच वळली. एवढी वर्षं थांबलो ते काय बेसिनमध्ये वाया जायला?

"राजकुमार, ते कोरड्या टेबलावर ठेवा. आधी हात पुसा," दारातून मॅडम म्हणाल्या.

राजकुमारांनी मला ठेवलं, पण पटलं नाही. "काहून जी? सगळ्यायले आंघोळ घातली. हाच एक पारोसा राहीन."

"त्याला आंघोळ घातली तर तुमचा हात भाजेल."

मॅडमनी बूच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हवेतली ओल आत जाणार. उद्यापर्यंत याचा गोळा होईल. मेण आणा, पुन्हा लावून बघू."

राजकुमार जागचे हलले नाहीत. "मॅडम, तुमी तं या महिन्यात चालल्या. मंग याले उघडीन कोण?"

प्रसादासाठी जमलेली मुलं दारात उभी होती, कुणी पेढ्याकडे बघत, कुणी मोबाइलमध्ये. त्यांच्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, "चष्मे लावा सगळे. काचेच्या मागे उभे राहा."

हातमोजे चढवून त्यांनी मला थंड पाण्याच्या भांड्यात चिमूट चिमूट सोडलं. काय सांगू मित्रांनो! मी चर्र केलं, फुत्कारलो, भांडं तापवलं. मोबाइल खाली झाले. मग मॅडमनी पूजेच्या ताटातली हळद कागदावर चोळली आणि कागदाचं टोक चिमट्याने माझ्यात बुडवलं. पिवळं टोक लालभडक झालं.

"अबे, हळदीचं कुंकू झालं," राजकुमार म्हणाले. मुलं टाळ्या पिटायला लागली. मागून एकीने विचारलं, "मॅडम, पुन्हा करता येईल?"

"नाही. एवढाच होता," मॅडम म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि कपाटाकडे वळल्या. "राजकुमार, यात मी न उघडलेलं अजून काय काय ठेवलंय?"

"पुरं कपाट आहे जी."

मित्रांनो, मी आता पोटॅशियम ऑक्साइड उरलो नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. वस्तू जपा, पाण्यापासून जपा, लेकरांच्या हातापासून जपा. पण जिला एवढं जपता, तिला एकदा तरी तिचं काम करू द्या हो. मॅडमनी त्या दिवशी घरी जायचं लांबवलं आणि कपाटाची किल्ली मुलांपुढे टेबलावर ठेवली.