गिरजाबाईचा ओटा

पेणच्या इस्रायल आळीत गिरजाबाईचा ओटा रस्त्यावर दीड हात पुढे आलेला, आणि त्यावरच तिचं पोह्या-पापडांचं दुकान. आळीच्या टोकाला जुनं सिनेगॉग. इथून इस्रायलला गेलेल्यांची नातवंडं हल्ली बस भरून ते बघायला येत. बस नाक्यावर थांबे. जाताना माणसं पापडांकडे नुसती बघत, परतताना घेतच.

मग नगरपालिकेच्या मनात आलं, बस थेट सिनेगॉगच्या दारात न्यावी. म्हणजे आळी रुंद करायची, म्हणजे ओटा गेला. फक्त सिनेगॉग सांभाळणाऱ्या एलियासचा होकार हवा होता.

गिरजाबाईने आशाच सोडली. एलियास शेजारी चांगला. पण पाऊस सरला की त्याची बहीण सारा इस्रायलहून यायची होती, गुडघ्यांनी बेजार. दारात आलेली बस कोण नाकारील?

नगरपालिकेचे साहेब होकार घ्यायला आले. एलियास टोपी नीट करत म्हणाला, "शनवार आमचा पवित्र दिवस, साहेब. त्या दिवशी आमचं मानूस पैशाला हात लावत नाय, गाडीत बसत नाय. प्रार्थनेला पायीच येतं."

"म्हणजे परंपराच आहे?"

"आजे-पणजेसुद्धा पायीच आले."

साहेब खूश. कागदावर 'वारसा पदमार्ग' असं चढलं. रुंदीकरण रद्द, फरशी मंजूर, बस नाक्यावरच.

साहेबांची पाठ वळली मात्र, गिरजाबाई म्हणाली, "एलियासभाऊ, पाव्हणे तर बुधवारी येतात! शनवारी एक तरी बस आली काय?"

"त्यांनी वार कुठं विचारला गो?"

"आणि साराबायचे गुडघे?"

एलियासने नजर चुकवली. "बसंल कुठंतरी वाटेत."

सारा आली ती बुधवारीच, एलियासबरोबर. काठी टेकत, नव्या फरशीला नावं ठेवत अर्ध्या आळीपर्यंत पोचली आणि धपकन ओट्यावर बसली. दगडावरून हात फिरवत म्हणाली, "हौसाकाकूचा ना गो हा? इथं आम्ही सागरगोटे खेळायचो."

"माझी सासू ती," गिरजाबाई म्हणाली.

तिने पोह्यांचा डबा ओढला. दुसऱ्या दिवशी सिनेगॉगात मलिद्याच्या प्रसादाला पोहे लागणार होते. एरवी चिमूटभर जास्त पडले तर परत काढणारी ही बाई, तिने वजनकाट्याकडे न बघता पिशवी गच्च भरली.

एलियासने खिशात हात घातला.

"आज नको," गिरजाबाई म्हणाली. "शनवारी द्या."