शेरा: ये-जा सुरळीत

मिस्त्रींना वाईट काम करता येत नसे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

नगरपालिकेने त्यांच्या बोळात सांडपाण्याची मोठी नळी टाकायची म्हणून चर खणला. साडेचार फूट रुंद, उभ्या माणसाच्या छातीइतका खोल, आणि डाव्या बाजूच्या सात घरांच्या अगदी उंबऱ्याशी. घरं आणि चर यांच्या मध्ये जेमतेम अडीच फुटांची पट्टी उरली. खणणारे म्हणाले, नळ्या सोमवारी येतील. तो सोमवार आला आणि गेला, त्याच्यामागून आणखी बरेच सोमवार गेले. एके दिवशी खणणारं यंत्रही दुसऱ्या बोळात निघून गेलं आणि चर तेवढा मागे राहिला. पाहुणा जावा आणि त्याची ट्रंक आपल्या घरात अडगळ होऊन बसावी, तसं ते झालं.

बाकीच्या सहा घरांनी बोळाच्या टोकाला एक फूटभर रुंद फळी टाकली आणि कसरत करत ये-जा सुरू केली. मिस्त्रींना ते चालण्यासारखं नव्हतं. चर पडायच्या महिनाभर आधी त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि तिची धार तर कणभरही कमी झाली नव्हती. दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "काका, पहिले सहा महिने आपले. त्यात जे परत येईल ते येईल. पुढे फार आशा धरू नका." सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेनऊ. तिथली यंत्रं, तिथल्या दांड्या आणि बाईंचे दोन हात, यांतलं काहीच घरी आणता येण्यासारखं नव्हतं.

म्हणून मिस्त्रींनी आपल्या दारासमोर लाकडी पूल बांधला. बायकोचा टेकून चालायचा चौपायी आधार मोजून त्याला दोन्हीकडे चार-चार बोटं मोकळी राहतील इतका रुंद. पाय घसरू नये म्हणून वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या. कठडा दोन्ही बाजूंना, कारण बायकोचा डावा हात तेवढा चालता. जाताना तो एका कठड्यावर पडणार आणि येताना दुसऱ्या. दोन दिवस दुकान बंद ठेवून त्यांनी हे काम केलं आणि शेवटी कानस मारून सगळ्या कडा गुळगुळीत केल्या. मग सातही घरं त्याच पुलावरून जाऊ-येऊ लागली. शिलाईवाल्या काकू कपड्यांची गाठोडी घेऊन, मास्तर त्यांची सायकल घेऊन. बोळात मिस्त्रींचं कौतुक झालं. ते त्यांना आवडलं, खोटं कशाला बोला.

हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, अर्ज लिहिण्यात पटाईत. चराबद्दल त्यांनी आतापर्यंत अकरा अर्ज केले होते. अकरावा दिल्यावर नगरपालिकेकडून एक माणूस मोबाईल घेऊन आला. त्याने चराचा फोटो काढला, मग पुलावर चालून पाहिलं, कठडा हलवून पाहिला आणि म्हणाला, "वा, काय काम केलंय!" मिस्त्रींनी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर महिना गेला तरी चराला कुणी हात लावेना. शेवटी मास्तर आणि मिस्त्री दोघेही कचेरीत गेले. खेटे घालून घालून खिडकीवरच्या बाई आता ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांनी यादी काढली. शहरात असे त्रेसष्ट चर उघडे होते आणि गैरसोय जिथे जास्त, तिथे नळ्या आधी, असा क्रम लावला होता. यांचा बोळ अठ्ठावन्नावा होता.

"अठ्ठावन्न?" मास्तरांचा आवाज चढला. "सात घरं कोंडलीत तिथे!"

बाईंनी यादी त्यांच्याकडे फिरवली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: पक्का पूल, कठड्यासह. ये-जा सुरळीत.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. बाईंनाच त्यांची दया आली. इकडेतिकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुमचा पूल जरा कमी चांगला असता ना, तर तुम्ही पहिल्या विसात असता." मग त्यांनी मंगळवारी साहेब स्वतः फेरपाहणीला येणार आहेत, तेव्हा काय ते दाखवा, असंही सांगितलं.

त्या संध्याकाळी मिस्त्रींच्या दारात बैठक बसली. कुणी म्हणालं, पुलाच्या दोन पट्ट्या ढिल्या करा, म्हणजे धोकादायक दिसेल. मिस्त्री हातोडी घेऊन उठले, पट्टीजवळ बसले आणि तसेच परत आले. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझी बायको जाते त्यावरून."

"मग एक दिवस काढूनच ठेवा ना," मास्तर म्हणाले. "मंगळवारी सकाळी काढायचा, साहेब बघून गेले की संध्याकाळी परत. खोटंही नाही त्यात. चर आहे तसाच तर दाखवायचाय."

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं आणि मिस्त्रींनी आतल्या खोलीकडे. बायको कॉटवर बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती. सहा महिन्यांतला दीड महिना उरला होता. गेल्याच आठवड्यात तिच्या अंगठ्याने हालचाल केली होती, चिमूटभर, पण केली होती.

"मंगळवारी माझं काय काम आहे बाहेर?" ती तिथूनच म्हणाली. "काढा की."

मंगळवारी सकाळी सातला मिस्त्रींनी पूल काढला. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला, म्हणजे संध्याकाळी जोडताना वेळ जाणार नाही. टोकाची जुनी फळी लोकांसाठी परत आडवी पडली. सातही घरची माणसं दारात उभी राहिली. साहेब आले नाहीत.

बुधवारी मास्तरांनी फोन केला, तेव्हा उद्या नक्की असं उत्तर मिळालं. त्या दिवशी बायकोचा व्यायाम बुडाला. गुरुवारी साहेबांची गाडी बिघडली होती आणि शुक्रवारी बैठक होती. शुक्रवारही बुडाला. शनिवारी मिस्त्रींनी आकड्यांप्रमाणे तुकडे लावायला घेतले, तेव्हा मास्तर धावत आले. "अहो मिस्त्री, चार दिवस सोसलंय आपण. आता लावलात आणि सोमवारी ते आले, तर सगळंच पाण्यात! दोन दिवस कळ काढा."

मिस्त्रींना ते पटलं, ही खरी कमाल. जितके दिवस वाया गेले, तितकं ते वाया गेलेत असं कबूल करणं जड होत गेलं. सोमवार गेला. बुधवारी त्यांनी आणि काकूंच्या नवऱ्याने बायकोला खुर्चीत बसवून फळीवरून न्यायचा प्रयत्न केला. काकूंच्या नवऱ्याने फळीवर दोन पावलं टाकली आणि फळी वाकली. बायको ओरडली नाही, पण तिच्या डाव्या हाताने मिस्त्रींचा सदरा इतका घट्ट धरला की खिसा उसवला. खुर्ची परत आत आली.

आता तिचं जग कॉट ते मोरी, मोरी ते चूल, एवढंच उरलं. पहिलं अंतर सात पावलांचं, दुसरं पाच. ती ती पावलं मोजून दिवसातून वीस वेळा चालायची आणि दारापाशी येऊन थांबायची. बाहेर अडीच फुटांची पट्टी आणि पुढे खड्डा. मिस्त्री दुकानातून आले की ती रोज एकच विचारायची, "आले का हो?" आणि मिस्त्री बूट काढण्यात उगाच वेळ घालवायचे. एका संध्याकाळी तिने उजवा हात त्यांच्यापुढे धरला. "अंगठा बघा." मिस्त्रींनी पाहिला. अंगठा हलत नव्हता. "कालपर्यंत हलत होता," ती म्हणाली, आणि त्या रात्री दोघंही जेवणावरून लवकर उठली.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, साहेब आले. तरुण होते, घामाघूम झालेले, बुटांना पाच-सहा बोळांचा चिखल. ते फळीवरून न येता पलीकडेच उभे राहिले आणि त्यांनी मोबाईलमधला जुना फोटो काढून समोर धरला.

"इथे पूल होता. कुठे गेला?"

"काढला," मिस्त्री म्हणाले. त्यांना खोटंही बोलता येत नसे.

"का काढला?"

मास्तर पुढे झाले आणि आपल्याला काय काय सोसावं लागतंय ते मुद्देसूद सांगू लागले. साहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं खरं आहे. पण रहिवाशांनी स्वतः काढलेला पूल मला गैरसोयीत धरता येत नाही. उद्या सगळे काढतील. नळ्या आल्यात वीस बोळांपुरत्या, गाडी आहे एक. मी तरी काय करू?"

"म्हणजे आम्ही अठ्ठावन्नच?"

"क्रम बदलायला कारण लागतं." साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "हां, अपघात झाला असेल तर वेगळं. चरात कुणी पडलं, दवाखान्याचा कागद असला, की तो चर त्याच आठवड्यात बुजवायचा असा वरून हुकूम आहे. पडलंय का कुणी?"



आणि मग ते घडलं. कुणी ठरवून केलं नाही. शिलाईवाल्या काकूंची नजर वळली, त्यांच्या नवऱ्याची वळली, मास्तरांची वळली, आणि अख्खा बोळ एका क्षणासाठी मिस्त्रींच्या दाराकडे पाहू लागला. तिथे चौकटीला टेकून, चौपायी आधारावर वाकून, ती उभी होती. क्षणभरच. लगेच काकूंनी पदर सावरला, मास्तर खोकले, कुणी आभाळाकडे पाहिलं. पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं.

मिस्त्री घाईघाईने म्हणाले, "साहेब, कुणी पडलेलं नाही. कुणी पडणारही नाही. मी पूल परत लावतो, आत्ता लावतो."

"लावा," साहेब म्हणाले. "पण चर नगरपालिकेचा आहे. आता माझ्या डोळ्यादेखत विनापरवाना लावलात, तर उद्या माझी माणसं येऊन उचलून नेतील. लिहून द्या म्हणजे राहील." त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला. मजकूर तयारच होता. सदर पूल रहिवाशांनी स्वखुशीने उभारला असून ये-जा करण्यास कोणतीही गैरसोय नाही. काम क्रमाने होईपर्यंत आमची तक्रार राहणार नाही.

"सही करू नका, मिस्त्री," मास्तर म्हणाले. "माझे अकरा अर्ज आहेत. ही सही झाली की अकराही केराच्या टोपलीत. वर्षभर कुणी फिरकणार नाही इथे."

"मला ठाऊक आहे, मास्तर."

"सातही घरांचं आहे हे. तुमच्या एकट्याचं नाही."

"तेही ठाऊक आहे." मिस्त्री फळीवरून पलीकडे गेले, साहेबांच्या पाठीला कागद लावायला नको म्हणून खाली उकिडवे बसले आणि गुडघ्यावर ठेवून सही केली. एरवी त्यांची सही ठसठशीत असे. आज ती कशीबशी झाली. मास्तर आपल्या घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यामागोमाग एकेक करत बाकीचेही गेले.

मिस्त्रींनी दुपारभर खपून पूल लावला. खडूचे आकडे होते, त्यामुळे कुठे अडलं नाही. नेहमी कुणी ना कुणी मदतीला यायचं, खिळे धरायला, चहा घेऊन. आज सहाही दारं बंद होती. संध्याकाळपर्यंत पूल पहिल्यासारखा झाला, किंबहुना थोडा अधिकच पक्का, कारण आता तो किती दिवस टिकावा लागणार होता हे मिस्त्रींना कळलं होतं.

"चल," ते बायकोला म्हणाले. "एकदा पलीकडे जाऊन ये. सोमवारसाठी सवय."

ती आली. आधार पुढे, मग डावा पाय, मग ओढत उजवा. पहिल्या आडव्या पट्टीवर ती थांबली आणि तिने डावा हात कठड्यावर टाकला. मिस्त्री मागे, हात पसरून, पण न शिवता. पुलाच्या मध्यावर आल्यावर ती पुन्हा थांबली. खाली चरात काळं पाणी साचलं होतं. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अगं, चल ना."

"सगळ्यांनी बघितलं माझ्याकडे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यांचं काही नाही. अडलेली माणसं आहेत."

मिस्त्रींनी मागे पसरलेले हात तसेच धरून ठेवले.

"पण त्यांच्याआधी तुम्ही बघितलंत."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं त्यांना. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आज, एकदाच, जमायला हवं होतं. ती वाट पाहत उभी राहिली, मग तिने कठड्यावरचा हात काढून आधार उचलून पुढे ठेवला आणि त्यांच्याकडे वळून न पाहता म्हणाली, "हात काढा मागचे. पडणार नाही मी."