अमरीनच्या डाव्या हाताच्या कळा

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका घराच्या माळ्यावर, आमसुलांच्या बरणीला टेकून पडलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मी बिघडलेलो नाही, हे आधीच सांगतो.

२००३ साली यासीनने मला मुंबईहून आणलं. त्याने माझ्यात एक प्रोग्रॅम घातला आणि मी जुन्या टीव्ही-गेमचं सोंग घेऊ लागलो. त्याची धाकटी बहीण अमरीन नुसती बघत बसायची. चालायच्या कळा डाव्या हाताला, उडी-ठोशाच्या उजव्या. आणि लहानपणच्या तापानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती.

माझ्या पोटात सेटिंगची एक साधी फाइल आहे. कोणती कळ काय करणार, ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. यासीन ती उघडून साऱ्या कळा डावीकडे आणायला बसला.

"दाब गो आता. उडला काय?"

"नाय रे भाई, हा तर खाली बसला!"

दोघं पोट धरून हसली. पुन्हा फाइल, पुन्हा खेळ. शेवटी जमलं, आणि थोड्याच दिवसांत अमरीन भावाला हरवू लागली. तो मस्कतला नोकरीला गेला तरी फोनवर आधी खेळाचंच विचारायचा.

मग ईदला, अमरीन शेजारी गेलेली असताना, चुलतभाऊ फुजैल आला. कॉम्प्युटरचा क्लास केलेला! "ही फाइल कोणी बिघडवलीन? सगळं उलटंसुलटं!" म्हणत त्याने कोणाला न विचारता सीडीवरची मूळ कळांची फाइल तिच्या जागी टाकली. अमरीनच्या आईने, ताजबीअम्मीने, कौतुकाने त्याला पुन्हा शीरखुर्मा वाढला.

संध्याकाळी अमरीन बसली. बोटं नेहमीसारखीच फिरली, पण पडद्यावरचा गडी ना उडे, ना ठोसा मारी. तिने डावा हात मांडीवर घेऊन न्याहाळला. उजव्याची सुरुवातही अशीच, बोटांनी ऐकेनासं होऊन झाली होती.

"हा पण जातोय काय?" ती पुटपुटली. कोणाला बोलली मात्र नाही.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी लिहिलेलं तेवढंच करतो, मित्रांनो. फुजैलला मी अजून माफ केलेलं नाही.

यासीन सुट्टीवर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ह्याला नजरेसमोर नको ठेवू, भाई." तिला त्रास नको म्हणून त्याने मला चालूही न करता स्वतःच्या हातांनी वर चढवलं. एकदा ती फाइल उघडली असती, तर त्याला सगळं कळलं असतं.

दुसऱ्याची वस्तू वाकडी दिसली, तर सरळ करण्याआधी ती कोणाच्या हाताची आहे ते विचारा. माळ्याच्या फटीतून मला खालचं दिसतं. भरलेला कप उचलताना अमरीन अजूनही डाव्या हाताकडे घाबरून बघते.