खांबाभोवतीचा तारपा

अंकुशचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्याच साली त्याच्या आजाचा, चिंधूचा, दम गेला. बोईसरच्या पूर्वेकडच्या त्या पाड्यावर जन्मभर दुधीचा लांब तारपा फुंकून सगळ्यांना नाचवणारा हा माणूस आता बशीतल्या चहावर फुंकर मारतानाही धापा टाकायचा. शेजारचा बळवंत त्याच्या वाजवणाऱ्याच्या जागेवर टपूनच होता.

"लग्नात मी वाजवतो, चिंधूदादा. तू बस खाटेवर."

"नातू माझा. मीच वाजवणार."

"वाजव. पण सूर मधीच तुटला, तर जागा माझी."

नात दीपाली बोईसरला कारखान्यात कामाला. तिनं ओळखीच्या बँडवाल्याकडून गळ्यात अडकवायचा जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर वाजणारी पेटी, मागून आणला.

"आजा, यात फुंकायचं नाय. हे दोन ऑसिलेटर, म्हंजे आवाज काढणारे दोन गडी. दोघांना एकेक बटण. फिरवलं की सूर चढतो, उतरतो. पट्टी दाबून हा खटका लावला की आवाज चालूच रातो."

चिंधूनं बटण फिरवलं. आधी म्हैस हंबरली, मग डास गुणगुणला. कोंबड्या माळ्यावर चढल्या.

"आता दुसऱ्याचं बटण केसभर सरकव."

दोन सूर एकमेकांना घासून थरथरू लागले, तशी चुलीपुढची त्याची बायको कमळी वळली. "अगं बाय, तारपाच की! पण म्हाताऱ्याचे गाल कुठं फुगले?"

"गाल मी फुगवीन," चिंधू नवरदेव अंकुशपेक्षाही ताठ होत म्हणाला.

लग्नाच्या संध्याकाळी अंगणातल्या खांबाला स्पीकर बांधला. तिथून वायर चिंधूच्या पेटीला. गाल फुगवून चिंधू पुढे, हातात हात गुंफलेली साखळी मागे. वाजवणारा सूर खाली आणून संपवत नाही, तोवर कुणी हात सोडायचा नाही, हा नाचाचा नियम. सूर चढला, पाय चढले. प्रत्येक फेरीला वायरचा एक वेढा खांबाला बसत होता, ते कुणी पाहिलं नाही. चिंधूनं जोरात पिळलं आणि बटण हातात आलं.

आता सूर उतरणार कसा? वायर उपटावी तर सूर तुटला, जागा गेली. चिंधू गाल फुगवून चालतच राहिला. वायर आखूड होत गेली, फेरा आवळत गेला. नवरदेव सासूच्या काखेत अडकला. बळवंतचं नाक कमळीच्या अंबाड्यात रुतलं.

"चिंधूदादा, थांबव रं!"

"थांबवतो. मग सूर तुटला म्हणशील."

"नाय म्हणत!"

"जागा कुणाची?"

"तुझी, बाबा! माझ्या पायावर कोण उभं हाय बघा आधी!"

"मी हाय," कमळी म्हणाली. "मोठ्यानं सांग, मागं ऐकू नाय गेलं."

"चिंधूची!" बळवंत बोंबलला.

चिंधूनं गालांतली हवा सोडली आणि वायर उपटली. सगळं वऱ्हाड भाताच्या पेंढ्यांसारखं अंगणात कोसळलं.

बँडवाल्यानं तुटकी पेटी परत घेतली नाही. पुढची सगळी लग्नं चिंधूनंच वाजवली, बटणाच्या जागी पक्कड लावून. बळवंत दोन हजार तेवीसच्या चैत्रात वारला. चिंधू दोन हजार चोवीसला, भातकापणी झाल्यावर, गेला.