‘देश बुडाला!’ म्हणणारी तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे आणि सध्या मला फार भीती वाटते.

माझा जन्म साहेबाच्या राज्यात, मुंबईच्या दगडी छापखान्यात झाला. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई पाण्याला टाळून रेषांवरच बसते. तशी मी कागदावर उतरले. माझ्यात एक बाई बूट घालून, खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचते आहे. तिचा पगडीवाला नवरा खाली विळीवर नारळ खवतो आहे. वर ठळक अक्षरे: ‘देश बुडाला!’ कशाने? तर बाई शिकली म्हणून.

एका खलाशाने मला रत्नागिरीत आणून न्हाव्याच्या दुकानात टांगले. गिऱ्हाइके तोंडाला साबण लावून पोट धरून हसत. त्यांतलेच काही घरी जाऊन मुलीची शाळा बंद करत. माणसे ज्याला घाबरतात त्यालाच हसतात, हे मी तिथे शिकले.

पुढे वाचनालयाच्या माळ्यावर कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. ग्रंथपाल अक्षयाताईंनी मला पुसून, नवी काच घालून यंदा प्रदर्शनात लावले.

कोणीतरी माझा फोटो काढला, पण फक्त वरच्या अक्षरांचा. तो मोबाइलवरून गावभर फिरला. संध्याकाळी गावातले पुढारी महिपतराव घोळका घेऊन आले.

“देश बुडाला म्हणता? आणि तेही वाचनालयात? काढा ती आधी!”

त्यांनी माझ्या चौकटीला हात घातला. माझी काच थरथरली.

“काका, पूर्ण बघा तरी,” अक्षयाताई म्हणाल्या.

महिपतरावांच्या शेजारी राहणाऱ्या यमुनाबाईंनी चष्मा सावरला. “अगो बाय! ह्यो तं आमचा महिपत! बायको हापिसात नि ह्यो घरात खोबरं खवतोय!”

सगळे खो खो हसले. महिपतरावांचे कान लाल झाले. “बारीक खवतो हो मी,” ते पुटपुटले आणि स्वतःही हसले.

सुटले, असे मला वाटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. लोट्याहून, देवरुखाहून लोक विचारत होते, फाडली की नाही? त्या लोकांकडच्या फोटोत ना बाई होती, ना नारळ. हसण्यासारखे काहीच नव्हते.

“अक्षया, कपाटात ठेव हिला,” महिपतराव हळूच म्हणाले. “एवढ्यांना मी नाही आवरू शकत.”

आता मी अंधारात आहे. मित्रांनो, मला हसा, माझ्यावर रागवा, पण आधी मला पूर्ण पाहा. कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते. कुलूप वाजले की मी अक्षयाताईंच्या बांगड्यांचा आवाज शोधते.

आत्ता कुलूप वाजते आहे. बांगड्या वाजत नाहीत.