डाव्या बुटाच्या टोकात

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे, आणि त्यातही डावा. उजवा माझा सख्खा भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, तापलेल्या रबराच्या वासात आम्ही जन्मलो. तो पहिल्यापासून धीट. मी मात्र जात्याच भित्रा. दुकानात आम्हाला दोरीने टांगलं होतं, तेव्हाही दोरी तुटली तर काय होईल, याच काळजीने माझा जीव अर्धा झाला होता.

तिथून आम्हाला आमच्या मालकिणीने सोडवलं. तिचा गाईंचा गोठा आहे. शेणात, चिखलात, ओल्या चाऱ्यात आम्ही तिचे पाय जपले. एकदा एका अवखळ कालवडीने नेमका माझ्यावर खूर दिला. मला भोक पडलं, पण मालकिणीची बोटं वाचली. त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! तिच्या सासूबाईंनी स्वतः सायकलवाल्याकडे नेऊन मला ठिगळ लावून आणलं. "माझ्या सुनेचा पाय वाचवला यानं. टाकायचा कसला?" असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. पुढे कौतुक ओसरलं आणि आम्ही कित्येकदा दाराआड उलटे पडून राहिलो, पण तक्रार नव्हती.

मग एक दिवस परदेशी जायचं निघालं. तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी राहायचं, त्यांचे गोठे बघायचे, आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याकडे यायचं, असा तो दौरा होता. घरात कुरकुर सुरू झाली. "गाईंचं कोण बघणार?" मालकिणीच्या नवऱ्याने विचारलं. सासूबाई कडाडल्या, "मी काय मेले का? तू जा गं, मी आहे." त्यांच्या त्या एका शब्दावर मालकिणीचं जाणं ठरलं.

दौऱ्यावर नेणाऱ्या साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, माती नको, बी नको, झाडाचं पानसुद्धा नको. मालकिणीने आम्हाला घासून धुतलं, वाळवलं आणि बॅगेत ठेवलं. ती धारा काढायला गेली आणि इकडे सासूबाई हळूच आल्या. त्यांनी गाठ मारलेला एक मोजा माझ्या टोकापर्यंत कोंबला. "एवढ्या लांब कोणाच्या घरी राहायला जायचं, आणि तेही रिकाम्या हातानं? शोभतं का ते?" असं पुटपुटत त्यांनी बॅगेची चेन लावली. मोज्यात घेवड्याचं बी होतं, त्यांच्या स्वतःच्या वेलाचं. माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे सासूबाईंनीच तो घातला होता म्हणा! पण मला ओरडता येत नाही. मालकिणीला काहीच कळलं नाही.

विमानाच्या पोटात गारठा होता, अंधार होता. भाऊ निवांत झोपला. मला झोप कुठली!

उतरल्यावर एक भलामोठा चकचकीत हॉल लागला. ओळखीचा एक शब्द कानावर पडेना. रांगेतून बॅगा हुंगत एक कुत्रा फिरत होता. आमच्या घरचा कुत्रा मला चावतो, ओढतो, तरी तो आपला वाटतो. हा मात्र भुंकला नाही की शेपटी हलवली नाही. आमच्या बॅगेपाशी आला आणि गपकन बसला. भुंकला असता तरी बरं वाटलं असतं.

हातमोजे घातलेल्या अधिकारी बाईने बॅग टेबलावर घेतली. "बी, माती काही आहे का, विचारतायत," साहेबांनी सांगितलं.

"छे हो, काही नाही. मी स्वतः धुतलेत बूट."

अधिकारी बाईने भावाला झटकलं. काही नाही. मग मला उलटं केलं. मोजा टेबलावर पडला, गाठ सुटली आणि बिया खडखडत पसरल्या. मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला. टाचेला लाल दोऱ्याने रफू केलेला तो मोजा तिच्या सासऱ्यांचा होता. तो तिथे कोणी ठेवला, हे तिला विचारावं लागलं नाही.

साहेबांना घाम फुटला. "अहो ताई, काय केलंत हे! आपल्या सगळ्यांना आल्या पावली परत पाठवतील. थांबा, मी सांगतो, वाटेत कोणीतरी बॅग उघडली असेल."

मालकिणीने माझा काठ घट्ट धरला होता.

"नको साहेब. सासूबाईंनी ठेवलंय, ज्यांच्या घरी राहायचं त्यांना भेट म्हणून. त्यांना नियम ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. बूट माझा आहे, निघताना आत बघायला हवं होतं मी. काय करायचं ते माझं करा म्हणावं. बाकीच्यांना जाऊ द्या."

आम्हाला एका लहानशा खोलीत बसवलं. एक बाक, कोपऱ्यात बेसिन आणि बंद दार. मालकीण बाकाच्या कडेवर बसून होती. बऱ्याच वेळाने अधिकारी बाई तिच्या वरिष्ठ बाईंना घेऊन आली. "ताकीद देऊन सोडतायत," साहेब म्हणाले, "खरं सांगितलंत म्हणून. बिया मात्र जाळणार. आणि बूटही. तळव्यात माती आहे म्हणे."

मित्रांनो, त्या क्षणी मला भट्टीच दिसली.

"आधी ब्रश मागा त्यांच्याकडे," मालकीण म्हणाली. तिने आम्हाला बेसिनवर धरलं, ब्रशने घासलं, मग केसातली पिन काढून तळव्याची एकेक खाच कोरून काढली. वरिष्ठ बाईंनी टॉर्च घेतला. ठिगळ दाबून पाहिलं. आतल्या टोकापर्यंत उजेड आला. मग त्यांनी मला भावाशेजारी ठेवलं आणि होकारार्थी मान हलवली.

बॅगेच्या फटीतून मी ते शहर पाहिलं. उंच इमारती, रुंद रस्ते, आणि कुठे एका खुराचीही खूण नाही. मालकिणीने बॅग वाटभर उराशी धरली होती. शहराच्या कडेला यजमानांचं घर होतं. यजमानीण बाई हसून काहीतरी म्हणाली, मालकिणीने हसून हात जोडले. खोलीत आल्यावर फोन वाजला.

"पोचलीस का गं? डाव्या बुटात हात घालून बघ बरं!"

"बघितलं, आई."

"मग? दिलंस त्या बाईला? आवडलं?"

"हो आई. सगळंच्या सगळं ठेवून घेतलं त्यांनी."

"बघ! रिकाम्या हातानं गेली असतीस!"

फोन ठेवल्यावर मालकिणीने मला मांडीवर घेतलं, आत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

मित्रांनो, आम्हाला धुवाल तेव्हा तळवेही बघा, आणि निघताना एकदा आत हात घालून पाहा. प्रेमाने ठेवलेलंही कधी भलतीकडे नेतं. आता मी या परक्या घराच्या दाराशी उभा आहे. पलीकडे अनोळखी गाई हंबरतायत. भीती अजून गेलेली नाही. पण थोड्या वेळाने मालकीण येऊन पाय घालील. माझ्या टोकात आता तिच्या बोटांनाच जागा आहे.