बैल सोडलेली गाडी

कडूबाईनं जुवाची शिवळ उपसली आणि साखर कारखान्याच्या भर फाटकात बैल सोडले. उसानं भरलेली गाडी आत तोंड करून तशीच उभी राहिली. मागं ट्रॅक्टरांनी एकच भोंगा लावला. तिनं गाडीला टेकू दिला, त्याला एक लाथ घालून तो पक्का बसवला आणि बैलांच्या माना चोळायला घेतल्या. जुवाखाली माना सोलून निघाल्या होत्या.

नंबरटेकर बंकट धावत बाहेर आला. कोणाची गाडी कधी वजनकाट्यावर जाणार, हे गेल्या हंगामापर्यंत तोच ठरवायचा.

“कडूबाई, फाटक मोकळं करा! मागं लाईन लागली.”

“लागू द्या. आमी सकाळधरनं उभं हावोत. आमचा नंबर कावून लागंना?”

“मी काय करू? नंबर आता मशीन देतंय. ज्याचा माल लई, त्याचा नंबर आधी.”

“आन् मुक्या जनावराचा नंबर? त्यो कुठं गेला, बंकटभाऊ?”

तिचं म्हणणं खरं होतं. या कारखान्याचं धुराडं उभं राहिलं तेव्हापासून रीत एकच: फाटकात ट्रॅक्टर आणि बैल एकदम आले तर बैल आधी. ट्रॅक्टरला तहान लागत नाही, त्याचा खांदा सोलत नाही, एवढं चेअरमनपासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना कळत होतं. यंदा संगणक आला, त्यात वाहनांचं टनेज भरलं गेलं आणि ज्याच्या मानेवर ओझं, तोच रांगेत शेवटचा ठरला. कुणा शहाण्यांनी खुर्चीत बसूनच ठरवलं असणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

भोंगा थांबेना. कडूबाईनं वळून पाहिलं. पहिल्याच ट्रॅक्टरवर तिचा लेक लखन बसला होता. बैलांचा कासरा सोडून तो गेल्या साली उमापूरच्या एका मालकाकडे ड्रायव्हर झाला होता.

“तू बी वाजव रे! या बैलांच्याच जिवावर वाढलास, वाजव!”

लखन खाली उतरला. आईकडे न बघता त्यानं बैलाच्या मानेला हात लावला. बैलानं अंग चोरलं, तसा त्यानं हात मागं घेतला.

“माय, दम धर,” तो म्हणाला, आणि बंकटकडे वळला. “आता नंबर माझाच हाय ना? मग आधी हिची गाडी वढून नेतो. माझ्या ट्रॉल्या मागून नेईन.”

बंकटनं डोकं खाजवलं. मशीनला काय, ट्रॅक्टरशी मतलब.

“ने बाबा. पर फाटक मोकळं कर.”

लखननं ट्रॉल्या सोडल्या, मोकळा ट्रॅक्टर कडेनं पुढं घेतला आणि आईची गाडी त्याला जोडली. टेकू निघाला. गाडी हलली आणि सगळ्या रांगेच्या आधी काट्याकडे निघाली. कडूबाईचा ऊर भरून आला. लेकानं रीत राखली होती. दोन्ही दावी हातात घेऊन ती गाडीमागं निघाली, तर वॉचमननं काठी आडवी धरली.

“मोकळी जनावरं आत न्हाई, मावशी.”

“गाडीचे बैल हाईत हे.”

“गाडी तर गेली की.”

केबिनमध्ये परतलेला बंकट खिडकीतून हसून म्हणाला, “ब्येस झालं, कडूबाई! मशीननं तुमची गाडी ट्रॉली म्हणून घेतली. आता रोज असंच आणा, थांबायचं काम न्हाई.”

“आन् बैल?”

“ते कशाला आणता? लखन हाय की वढायला.”

तो मनापासून सांगत होता, आणि तेच तिला सोसेना. काठीवरून वाकून ती ओरडली,

“ट्रॉली न्हाई ती! बैलगाडी हाय, बैलगाडी!”

काट्यावरच्या माणसानं मान वर करून गाडीकडे पाहिलं. बैल काही त्याला दिसले नाहीत. त्यानं पुढचा नंबर पुकारला.